गालिचा धुणाऱ्याला संघटना कशाला?

सोफे-गालिचे धुण्याच्या धंद्यात नव्याने उतरलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, असोसिएशनमध्ये नाव टाकू का? वर्गणी भरून भेटते काय?" माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण त्या 'हो'ला अटी आहेत आणि त्या दोन मिनिटांच्या फोनवर सांगून होत नाहीत. म्हणून सविस्तर लिहायला बसले.

आमचा पसारा लहान. धाकटा दीर आणि त्याच्या हाताखालची दोन मुलं मशीनवर. फोन, कोटेशन, बिलं आणि वसुली माझ्याकडे. गरम पाणी मारून लगेच ओढून घेणारं एक मशीन, एक व्हॅक्यूम, एक सिंगल डिस्क, दोन ब्लोअर आणि हे सगळं वाहून नेणारी जुनी व्हॅन. नागपुरात असे व्यवसाय बरेच आहेत आणि बहुतेकांची सुरुवात सारखीच झालेली असते. थोडी शिल्लक, थोडं कर्ज, आणि मशीन विकणाऱ्याने एका दुपारी दाखवलेले चार हात. पुढचं सगळं ज्याचं त्याने शिकायचं.

इतवारीत सराफ सराफा ओळीत बसतो, भांडीवाला भांडे ओळीत. गांधीबागेत कापडवाल्याच्या शेजारी कापडवाला, लकडगंजात लाकूडवाल्याच्या समोर लाकूडवाला. कोणाकडे कोणता माल उतरला, कोणती पार्टी उधारी बुडवून गेली, हे तिथे एका चहात कळतं. शेजारचा प्रतिस्पर्धी असतो, पण तो डोळ्यांसमोर असतो. आमचं दुकान म्हणजे गिऱ्हाइकाचा दिवाणखाना. सकाळी त्रिमूर्तीनगर, दुपारी सदर, संध्याकाळी बेसा. आमच्याच धंद्यातला दुसरा माणूस काम करताना आम्हाला कधी दिसतच नाही. त्याने हळदीचा डाग कशाने काढला, कुठल्या गालिच्याचा रंग फुटला, कोणत्या हॉलच्या मालकाने पैसे अडकवले, काही कळायला मार्ग नसतो. ज्यांच्या वाट्याला अशी ओळ आली नाही, त्यांना ती उभी करावी लागते. संघटनेकडून माझी पहिली अपेक्षा एवढीच आहे.

मोठ्या संघटना नागपुरात आहेत आणि जुन्या आहेत. नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स १९४४ पासूनची, विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन १९६३ पासूनची. त्यांचं काम वेगळ्या उंचीवर चालतं. कर, वीजदर, औद्योगिक धोरण, सरकारला निवेदनं. त्या कामाची किंमत मी कमी लेखत नाही. जकात जाऊन २०१३ मध्ये नागपुरात एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तेव्हा राज्यभरातले व्यापारी संघटनांच्या बळावर रस्त्यावर उतरले होते. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांची त्यातून सुटका झाली. आम्हाला शाम्पू आणि केमिकल विकणारा दुकानदार आजही तो काळ आठवून बोलतो. यातली एक गोष्ट मात्र नीट बघायला हवी. ही सुटका त्या मर्यादेतल्या सगळ्यांची झाली, ज्यांनी कुठल्याच संघटनेत कधी एक रुपया भरला नव्हता त्यांचीही. मोठ्या संघटनेचा मोठा फायदा असा सर्वांना मिळतो, म्हणून लहान माणसाला तो वर्गणीच्या पावतीत दिसत नाही. तीन माणसांच्या व्यवसायाने केवळ त्यासाठी सदस्य व्हावं, असं मी म्हणणार नाही. ज्याला जमतं त्याने जरूर व्हावं.

मी स्वतः आधी अशा मोठ्या सभांना जाऊन बघितलं. चांगली माणसं भेटली, जीएसटीवरचं एक व्याख्यान फार उपयोगी पडलं. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनची महिला उद्योजिकांची वेगळी शाखा आहे, हेही मला तिथेच कळलं. पण धुतलेल्या गालिच्यावर तपकिरी डाग का उमटतो, हे तिथे कोणाला विचारणार? मग आम्ही सफाईच्या धंद्यातलेच काही जण एकत्र येऊ लागलो. कुणी सोफेवाला, कुणी फक्त ऑफिसच्या कार्पेटचं काम करणारा, कुणी लग्नकार्याला सामान भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्यांचे लाल गालिचे आणि सतरंज्या धुणारा. वर्षाची वर्गणी एका थ्री-सीटर सोफ्याच्या कामातून निघेल इतकी. आज जे लिहिते आहे ते या गटाच्या अनुभवावरून.

धरमपेठेतल्या एका बंगल्यात दीर कामाला गेला होता. दिवाणखान्यात मोठा, मऊ, चमकदार गालिचा. घरातल्या काकू म्हणाल्या, सिल्कचा आहे, फिरायला गेलो तेव्हा आणला. दिराला ती चमक जरा जास्त वाटली. त्याने मशीन चालू न करता मला फोन लावला. "वहिनी, हा मला सिल्क वाटून नाही राहिला. पाणी मारू का नको?" मी गटातल्या, महाल भागात राहणाऱ्या काकांना विचारलं. त्यांचं आयुष्य याच कामात गेलं आहे. ते म्हणाले, "पाणी नको मारू म्हणा त्याले. कोपऱ्यातल्या लवेचा एक धागा काढ म्हणा आन् बाहेर नेऊन जाळून पाहा. झालरीचा नको, झालर सुती राहते, फसवते. केस जळल्यासारखा वास आला तं सिल्क नाही तं लोकर. कागद जळल्यासारखा आला तं व्हिस्कोस होय."

कागदाचाच वास आला.

व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून बनतं. दिसायला रेशमासारखं, पण भिजलं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. लव आडवी पडते, वाळल्यावर कडक होते, पिवळट झाक येते आणि ती झाक सहसा जात नाही. दिराने काकूंना धागा जाळून दाखवला, समजावलं, कागदावर लिहून त्यांची सही घेतली. मग आधी कोरडी धूळ ओढली, फडक्यावर थोडासा फेस घेऊन लवेच्या दिशेने हलक्या हाताने पुसलं आणि लगेच ब्लोअर लावला. त्या गालिच्याची किंमत आमच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी असेल. तो फोन ज्याच्याकडे लावता येत नाही, असे कितीतरी जण या शहरात रोज असल्या गालिच्यांसमोर उभे असतात. मला त्यांची खरंच काळजी वाटते.

अशा गोष्टी आमच्या कामात पावलोपावली आहेत. भदोही-मिर्झापूरकडच्या लोकरी गालिच्याला कपड्याची साधी पावडर चालत नाही. तिचा पीएच १० च्या आसपास असतो, म्हणजे ती बरीच अल्कधर्मी. लोकरीला उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी द्रावण लागतं. क्लोरीनचं ब्लीच लोकरीवर पडलं तर लोकर अक्षरशः विरघळते. रंग पक्का आहे की नाही, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात दाबून आधी बघायचं असतं. तागाची पाठ जास्त भिजली आणि सावकाश वाळली, तर तागातला तपकिरी रंग पाण्याबरोबर वर चढतो आणि नुकताच धुतलेला गालिचा दुसऱ्या दिवशी डागाळलेला दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही धुतला नाहीच. यातलं काही मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत नसतं.

त्यात आपल्या नागपूरचं स्वतःचं असं काही आहे, जे बाहेरच्या कुठल्या अभ्यासक्रमात मिळणार नाही. शहराच्या कडेच्या अनेक वस्त्यांत बोअरचं पाणी क्षाराचं. त्यात साबण फुटत नाही, म्हणून माणूस केमिकल वाढवतो. वाढवलेलं केमिकल धाग्यात राहतं, चिकट होतं आणि त्यावर धूळ अधिक बसते. महिन्याभरात सोफा पुन्हा काळा. गटात हे बोलणं निघालं तेव्हा कळलं, की ही तक्रार प्रत्येकाकडे येते आणि प्रत्येकाला ती आपल्याच मुलांच्या हातचा दोष वाटत होती. आता कडेच्या वस्तीत जाताना आम्ही पाणी घरून कॅनमध्ये नेतो आणि शेवटचा हात नुसत्या साध्या पाण्याचा मारतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की सोफा काही तासांत वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये तोच सोफा दुसऱ्या दिवशीही ओलसर असतो आणि वास धरतो. पावसाळ्यात पाणी किती कमी मारायचं आणि ब्लोअर किती वेळ ठेवायचा, हे या शहरात काम केलेला माणूसच सांगू शकतो.

ब्रिटनमध्ये गालिचे धुणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९६८ पासून आहे. सदस्याने प्रशिक्षण घेतलेलं असावं, विमा काढलेला असावा आणि ठरलेल्या आचारसंहितेप्रमाणे वागावं, ही तिथली अट. अमेरिकेत १९७२ मध्ये उभी राहिलेली आयआयसीआरसी ही संस्था कारागिरांना प्रमाणपत्रं देते, आणि गालिचे धुण्याची पद्धत कशी असावी याचं एस-१०० नावाचं लेखी मानक तिने तयार केलं आहे. आपल्याकडे गालिचा विणणाऱ्या आणि विकणाऱ्या बाजूला संस्थांचं पाठबळ आहे. गालिचा निर्यात प्रोत्साहन परिषद १९८२ ची, भदोहीची भारतीय कार्पेट तंत्रज्ञान संस्था २००१ ची. गालिचा घरी आल्यावर त्याचं आयुष्य ज्याच्या हातात असतं, त्या धुणाऱ्याच्या मागेही असं काही असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं. कारागिरीपेक्षा मी याबद्दल जास्त अधिकाराने बोलू शकते, कारण वसुलीचे फोन मीच करते.

शहराबाहेरच्या एका लग्नाच्या लॉनने आमचं बिल एका लग्नसराईपासून दुसरीपर्यंत लोंबकळत ठेवलं होतं. कायदा आमच्या बाजूने होता. २००६ चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि मुदत लेखी ठरवली तरी ती ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०१७ पासून केंद्र सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रारही करता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असा नियम आला, की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. ही तरतूद सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, म्हणजे आम्हालाही.

मग लहान माणूस हे वापरत का नाही? कारण तो एकटा असतो. एका लॉनवर तक्रार केली तर पाच लॉनचे मॅनेजर एकमेकांना सांगतील, ही भीती खोटी नाही. दुसरं, यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद हवी आणि ती काम करण्याच्या आधीची हवी. नोंदणी फुकट आहे, पण आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी केलेली नव्हती. एका रविवारी सगळे आधार आणि पॅन घेऊन एकाच्या घरी बसलो आणि एकेकाची नोंदणी उरकली. माझ्या मते गटाने आजवर केलेलं सर्वांत उपयोगी काम ते, आणि त्याला खर्च आला तो पोह्यांचा.

लॉनवाल्यांना आम्ही पत्र दिलं. साधाच कागद, कायद्याची कलमं लिहिलेली, बिलांच्या प्रती जोडलेल्या आणि खाली गटातल्या सर्वांच्या सह्या. दोघं माझ्याबरोबर आले. मॅनेजरने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, याआधी मी एकटी गेले होते तेव्हा असं झालं नव्हतं. मुद्दल महिन्याभरात खात्यात आली. व्याज मिळालं नाही आणि त्या लॉनचं काम परत कधी आलं नाही. तरीही मी तो सौदा फायद्याचाच समजते. ज्या कामाचे पैसे वर्षभर येत नाहीत, ते गेलेलं बरं.

सदस्य झालं की गिऱ्हाइकं येतील, या आशेने येणाऱ्यांना मी सुरुवातीलाच थांबवते. नागपूरकर फोनवर दोनच गोष्टी विचारतात. किती घ्याल, आणि आमच्या ओळखीत कोणाकडे काम केलं आहे. भिंतीवर कोणतं प्रमाणपत्र आहे हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या आणि मोठी हॉस्पिटलं विचारतात, पण त्यांना जीएसटी क्रमांक, मुलांची पोलीस पडताळणी आणि विमा हवा असतो.

दुसरी मागणी प्रत्येक सभेत उठते. "सगळे मिळून रेट बांधून घेऊ ना भाऊ, कोणी खाली जायचं नाही." मला या मागणीमागचं दुखणं कळतं. कुणीतरी निम्म्या भावात सोफा धुतो, नुसता फेस फिरवून जातो आणि आमचा भाव चोरीचा वाटू लागतो. पण संघटनेने दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना स्पर्धा आयोगाने दंड केलेले आहेत. दर ज्याचा त्याने ठरवावा. गट एवढं करू शकतो की चांगल्या कामात काय-काय येतं हे गिऱ्हाइकाला दाखवावं. आम्ही कोटेशनवर ओळीने लिहायला सुरुवात केली: आधी कोरडी धूळ ओढणार, धागा तपासणार, रंग तपासणार, वाळायला किती वेळ लागेल ते सांगणार, कोणता डाग जाणार नाही तेही आधीच सांगणार. ते वाचून काही लोक तरीही स्वस्तवाल्याकडे जातात. काही मात्र स्वस्तवाल्याला तेच प्रश्न विचारतात, आणि त्यानेही बाजार हळूहळू सुधारतो.

दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे आमच्या वर्षाची कमाई ठरवतात. त्यानंतर लग्नं, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळ वर्षातून एकदा इथे येतं, आणि त्याआधी रविभवन, नागभवन, आमदार निवास यांची झाडलोट, रंगरंगोटी सुरू होते. सगळं शहर त्या दिवसांत कामाला लागलेलं असतं. ऐन अशा हंगामात दिराच्या कमरेत उसण भरली. ओलं मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवणं त्याला शक्य नव्हतं. मी गटात कळवलं. तिघांनी आमची कामं वाटून घेतली, मजुरी आणि केमिकलचा खर्च तेवढा ठेवला, उरलेले पैसे मला आणून दिले. गिऱ्हाईक पाठवणाऱ्याचं, हा आमचा न लिहिलेला नियम आहे. एकाने तो पाळला नाही. आमच्या एका जुन्या घरी पुढच्या वर्षी तो परस्पर गेला. सभेत त्यावर उघड बोलणं झालं आणि तो गटातून गेला. विश्वास तुटतो कधी, पण त्या हंगामात आमचं घर चाललं ते या लोकांमुळे, हे मी विसरू शकत नाही.

वेळेबद्दल मला आग्रहाने म्हणायचं आहे. बहुतेक संघटनांच्या बैठका रात्री नऊनंतर, कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये होतात. या धंद्यात फोन आणि हिशेब सांभाळणाऱ्या कितीतरी बायका आहेत. नावावर व्यवसाय नवऱ्याचा, पण कोणते पैसे कुठे अडकले हे तिलाच ठाऊक. ती त्या वेळी स्वयंपाक आवरून मुलांना झोपवत असते. मशीन ओढून आलेला मुलगाही रात्री नऊला पेंगुळलेला असतो. मग बैठकीला जमतात ते निवांत असलेले, आणि पदं, फोटो, हारतुरे यातच संघटना अडकते. वर्गणी सारखी, पण फायदा येणाऱ्यालाच होतो.

म्हणून नव्या मुलांना मी सांगते, की वर्गणी भरण्याआधी दोन बैठकांना नुसतं जाऊन बस. जाताना तुझ्या कामातली एक खरी अडचण घेऊन जा आणि सगळ्यांसमोर मांड. कोणी उत्तर दिलं, कोणी नंबर दिला, दुसऱ्या दिवशी कोणी फोन करून विचारलं, ते बघ. तिथे अडचण ऐकून घेणारं कोणी नसेल, तर संघटना कितीही मोठी असो, पैसे भरू नको. असेल तर लगेच भर, आणि तुला जे येतं तेही तिथे सांगायला लाग.

आमच्या गटात सध्या नोंदणीवरून चर्चा चालू आहे. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणीला किमान सात माणसं लागतात, तेवढे आम्ही सहज आहोत. नोंदणी झाली तर गटाच्या नावाने बँक खातं निघेल, लेटरहेड येईल, सर्वांचा मिळून विमा घेता येतो का ते बघता येईल. महालच्या काकांना भीती वाटते, की अध्यक्ष-सचिव आले की भांडणं येतील. "आता फोन केला तं उचलतो ना मी? मंग अजून काय पायजे?" असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, तरी मी नोंदणीच्या बाजूने मत देणार आहे. काका आहेत तोवर फोन उचलला जाईल. त्यांच्यानंतर धरमपेठेतल्या त्या गालिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलाने कोणाला विचारायचं, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं हवं. माझी एक दुरुस्तीही मी लेखी दिली आहे: सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, आणि आळीपाळीने सदस्यांच्या घरी. त्यावर येत्या रविवारी मतदान आहे.